अंदाजपत्रक

रात्रपाळी करून आलेल्या चौघी
आणि पर्स खांद्याला लावून निघालेल्या आम्ही तिघी,
एवढा कोरम फक्त पावणेआठला जमतो,
म्हणून आमची बांधकाम समिती
मुहर्रकच्या त्या गल्लीत, उंबऱ्यावर, उभ्यानेच भरते.

भिंतींना लोणा लागलाय.
समुद्रातून काढलेल्या दगडाचं घर,
दगड अजून समुद्र विसरलेला नाही.
गिलावा पापुद्र्यांनी सुटतो, गुडघ्याएवढा,
आणि फिलोमिना डाबरे केर काढताना म्हणते,
"आमटीत टाका गं, मिठाचा खर्च तरी वाचेल."

अकराजणी, एक न्हाणीघर.
कुन्हीमोन मिस्त्री टेप लावून गेला,
सिगारेटच्या पाकिटावर आकडे ठेवून गेला:
गिलावा नऊशे, दुसरं न्हाणीघर साडेसातशे,
वायरिंग साडेपाचशे,
गच्चीवरची खोली चौदाशे.
छत्तीसशे दिनार.
कार्गोच्या ऑफिसात मी दिवसभर
दुसऱ्यांच्या खोक्यांची वजनं मांडते,
ही बेरीज मात्र तीनदा केली.

बँकेने विचारलं, घर कोणाच्या नावावर?
उम्म जासिमच्या सासऱ्याच्या.
मग तुम्ही कोण?
या प्रश्नाला फॉर्मवर दीड इंच जागा होती.

उम्म जासिम खजूर पुढे करत म्हणाली,
पैसे तुमचे, तर सहा वर्षं भाडं हेच.
लिहून द्या म्हटलं. रागावली.
चौथ्या दिवशी स्वतःच आली,
दोन शिक्क्यांचा कागद
आणि झाकलेलं हरीसचं पातेलं घेऊन.

"आपली भिशी आहे की," विजयमाला म्हणाली.
तीस-तीस, अकराजणी, अकरा महिने,
तीन हजार सहाशे तीस.
वरचे तीस नारळाला आणि मिस्त्र्याच्या चहाला.
फक्त अकरा महिने भिशी कुणालाच लागणार नाही.
घराला लागेल.

पुढचा नंबर हसीना परकारचा होता.
दापोलीला पोरीची नर्सिंगची फी,
पत्राचा फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिलेला.
तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
"लोणा काय, परत येईल," म्हणाली,
"फीची तारीख परत येत नाय."
बरोबरच होतं.
आठ वाजले. बाहेर गाडी हॉर्न देत होती.

त्या रात्री मी जुनी वही काढली,
या घरात राहून गेलेल्यांची.
सत्तावीस नावं. काहींचे नंबर बंद,
एक वारलेली, तिच्याकडून अजून दोन दिनार येणे.
बाकीच्यांना अंदाजपत्रकाचा फोटो पाठवला,
सोबत एक शब्द लिहिला नाही.

कॅनडाहून शेवंताने विचारलं,
गच्चीवर तो लंगडा कावळा अजून येतो का?
मग वीस दिनार.
इचलकरंजीहून लीलावतीबाईंचे पंचवीस, आणि निरोप:
न्हाणीघर जरा रुंद करा.
मी तिथे रडायची, कोपर भिंतीला लागायचं.
नऊ दिवसांत तीनशे बारा.
उरलेले अठरा कुणी घातले, वहीत नोंद नाही.
हसीनाला तिची भिशी लागली, वेळेवर.

माझा करार मार्चला संपतो.
वरची खोली मेमध्ये होईल, मिस्त्र्याचा शब्द धरला तर.
आज तो विचारत होता, प्लग कुठे? दाराशी स्वस्त पडेल.
दाराशी नको. उशाशी.
जी कुणी येईल ती रात्री
भिंतीकडे तोंड करून
फोनवर घरच्यांशी हळू बोलेल,
वायर पुरली पाहिजे.
"चार दिनार जास्ती," कुन्हीमोन म्हणाला.
लिही म्हटलं.
नारळ लहान आणू.