फेरतपासणी

सदतीस वर्षं नोट प्रेसमध्ये मी कागद तपासले.
सरकलेला आकडा, फिकट शाई, दुमडलेला कोपरा,
आणि बाद.
अजूनही कादंबरी हातात घेतली की
अंगठा आधी कडेवरून फिरतो.

यंदाच्या थंडीत चार वाचल्या.
एक सातशे पानांची, नवीकोरी,
तिच्यात सगळे फार हुशार बोलतात
आणि कोणी एकदाही भांडी घासत नाही.
मी दोनशे पानं खरकट्याची वाट पाहिली.

दुसरी अनुवादित, बर्फाच्या देशातली.
निफाडचा पारा चारावर आला त्या आठवड्यात वाचली,
गोधडीत, जेलरोडच्या गॅलरीकडे पाठ करून.
त्यांच्या शेगडीवर माझेही पाय शेकून घेतले.

तिसरी एकशे बाराव्या पानावर थांबवली आहे.
त्यातली गोजरा खोकते आहे, लेखकाचा सूर बदललाय.
मी पान उलटत नाही तोवर
ती ओट्यावर बसून शेंगा सोलते.
सोलू दे.

चौथी जुनी.
तेविसाव्या वर्षी वाचलेली, वाचनालयातली तीच प्रत,
खाकी पुठ्ठा, पाठीवर पांढऱ्या शाईचा आकडा.
खैरनार म्हणाले, ही अजून आहे होय आपल्याकडे!

मोरेश्वर, जिनिंगमधला कारकून.
लांबच्या शहरातून त्याला बोलावणं येतं,
तिथे एक बाई त्याची वाट बघत असते,
आणि तो मोटारस्टँडवरून घरी परततो
कारण तोतऱ्या भावाला
दुकानात मीठ मागता येत नाही.
संपलं. एवढंच.

तेव्हा मला संताप आला होता.
डबा खाताना सिंधू आव्हाडला सगळी गोष्ट सांगितली,
म्हटलं, असल्या माणसावर बाद शिक्का मारावा.
ती भाकरी मोडत म्हणाली, भाऊ बोलतो का गं पुढे?
मी म्हटलं, तो मुद्दाच नाही.

परवा पुन्हा वाचताना
मोरेश्वर मला सापडेचना.
जिकडेतिकडे भाऊच.
दाराआड उभा, मुठीत चार आणे,
ओठ जुळवतोय, म, म,
आणि गल्लीतली पोरं त्याच्याआधीच
शब्द पुरा करून पळतात.
हा माणूस पहिल्या खेपेला निसटलाच कसा?
माझ्या हातून तर
एक पुसट शून्य सुटत नसे.

मग पान दोनशे एक्केचाळीस. समासात
माझंच अक्षर, पेन्सिल दाबून:
'भित्रा!'
उद्गारचिन्हाच्या टिंबानं कागद टोचलाय.
त्याखाली निळ्या शाईत दुसऱ्या कुणाचं, बारीक, तिरपं:
'आपलं वय काय?'

मी घरात एकटीच मोठ्यानं हसले.
मग नाही हसले.
मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के,
एक तर त्या सालातला, जेव्हा गोदेचं पाणी
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागलं होतं.
नाव कुठेच नाही.
बाहेर पूर, आणि घरात कुणीतरी हे पान उघडून
माझ्यावर चिडून बसलेलं.
त्याच्या घरीही असेल कुणी
मीठ मागता न येणारं.

खोडरबर काढलं. ठेवून दिलं.
चुकलेला कागद आम्ही कधी खोडत नव्हतो.
मोजायचा, वहीत नोंदवायचा,
सहीनिशी बाजूला ठेवायचा.
पेन्सिलीला टोक केलं, आणि खाली लिहिलं:
'तेव्हा तेवीस. आता त्रेसष्ट.
भाऊ पुढे बोलतो का, मीही शोधते आहे.'

पुस्तक द्यायला उशीर झाला, दंड वीस रुपये.
सवयीनं नोट खिडकीच्या उजेडात धरली.
खैरनार म्हणाले, अहो, तुमच्याच हातची असेल, खरीच आहे.
म्हटलं, ते नाही बघत.
काही सुटलंय का, तेवढं बघते.