चौदा दिवस

डोकं दुखायच्या आधीच घ्यायची पुडी,
बुडी मारण्याआधी, रिकाम्या पोटी,
चाळीस वर्षं. मालसुन हे सांगते
रश्श्यात मीठ किती, हे सांगावं तसं.

पडद्यावर तिचं जठर: गुलाबी, ओलं,
मधोमध पांढऱ्या बुडाचा खड्डा.
"शिंपला उपटला की खडक असाच दिसतो,"
ती म्हणते.

डॉक्टर सांगतात, एकट्या पुडीचं काम नाही हे,
जंतूही आहे, लहानपणापासूनचा.
बहुधा आईच्या चमच्यातून आलेला.

ती गप्प.
आई जेजूच्या समुद्रातून वर आलीच नाही.
मागे काही उरलं नव्हतं,
फोटोसुद्धा.

चौदा दिवसांच्या गोळ्या पिशवीत टाकून
ती दारात थांबते:
"सगळेच मरतात का हो ते?"