बोजा

शिरोली नाक्यावर पहाटे पाचला
तिघांनी टेम्पोला हात केला.
दस्तगीरनं काच खाली घेतली.
मागं एकशे दहा रवे गूळ.

"दोन हप्ते थकलेत. चावी."

चावी नाही दिली त्यानं.
आरशामागनं चौघडी कागद काढला,
सरकारचा नियम, मराठीत.
आरटीओबाहेरच्या टायपिंगवाल्या कुसाबाईनं
पेनानं रेघ मारलेली:
नोटिशीशिवाय नाही.
सूर्य उगवायच्या आधी नाही.

त्यांतलं धाकटं पोरगं
ओठ हलवत वाचत राहिलं,
मग पूर्वेकडं बघितलं.

"अजून दीड तास हाय," दस्तगीर म्हणाला,
"च्या घेणार?"

चौघं टपरीला टेकले.
आरसीवर फायनान्सचं नाव,
फाळक्यावर लेकीचं.
कप कवाच रिकामे झाले.
उजाडत होतं,
कुणी वर बघेना.