आत आल्याची वेळ

अकराला दहा कमी. जेल रोडवरून शेवटची रिक्षा
द्वारका, द्वारका करत रिकामीच गेली.
गेटच्या केबिनमध्ये पदम साउदने फोन
व्हिजिटर रजिस्टरला टेकवून उभा केलाय,
घसरू नये म्हणून पुढे अर्धी वीट.
"बसा ना, गायधनी साहेब. फायनल आहे.
इंडिया-नेपाल. लडकी लोगांची."

सोसायटीत सगळे त्याला बहादूर म्हणतात.
मीही म्हणायचो. पगाराच्या व्हाउचरवर खरं नाव वाचलं,
तोवर सहा वर्षं झाली होती.

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये काढली.
नोटा नाही. लोकांना उगाच तेच वाटतं.
आमच्या सेक्शनला व्हिसाचे स्टिकर.
कागद मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा,
एक शीट कमी भरली की अख्खी पाळी आत,
घरी आमटी थिजायची.
पदमला एकदा विचारलं, तुझा व्हिसा कसा रे असतो?
तो हसला. अछामपासून तीन बस, दोन रेल्वे.
"पुलावरून चालत आलो, साहेब.
झोळा बघितला फक्त."

फोनवरचं मैदान पोस्टाच्या तिकिटाएवढं,
त्यात मुंग्या, निळ्या नि तांबड्या.
नेट अडकलं की सगळ्या जागच्या जागी उभ्या,
आणि पदमचा चहाचा कपही, तोंडापाशी.

पहिला नेपाळने मारला.
पदम ओरडला नाही. टोपी काढली,
गुडघ्यावर ठेवली, परत घातली.

आपला झाला तेव्हा तो गेटवर होता,
तीनशे चारच्या निकुंभांची गाडी आत घेत.
धावत आला. "झाला?"
"झाला."
"कसा?"
मग मलाच सांगावं लागलं,
तुमची बॅक घसरली, आपली एकटीच सुटली,
आणि सांगताना मी तो गोल
होता त्यापेक्षा थोडा सोपा केला.

मी प्रेसच्या टीमचा गोलकीपर होतो,
हे इथं कुणाला ठाऊक नाही.
डाव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे.
शेवटी पेनल्टी मिळाली, आपल्याला.
आपल्या पोरीने चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेली.
समोर नेपाळची ती, हातमोज्यावर थुंकते,
दोन खांबांच्या मधे केवढीशी.
तिथं उभं राहिलं की झेंडाबिंडा दिसत नाही,
समोरच्याचा टेकवलेला पाय तेवढा दिसतो.
पाय म्हणाला डावीकडे,
आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीसकट डावीकडे गेलो.
ती उजवीकडे गेली.

चेंडू मधूनच गेला.

पदम मला उठवत होता. "लागलं का, साहेब?"
कोपर सोलला होता. म्हटलं, नाही.
आपण जिंकलो होतो, आणि मी
आपल्याच पेनल्टीला आडवा पडलो होतो.
त्याने खुर्ची सरळ केली. यावर
तोही बोलला नाही, मीही नाही.

सकाळी दुधाला निघालो तर रजिस्टर उघडं.
कुरिअरवाला आणि पाण्याचा टँकर यांच्या मधे
त्याच्या गोलगोल अक्षरात:
नाव, इंडिया. एकूण दोन.
कोणाकडे, नेपाल.
आत आल्याची वेळ, ११.०४, ११.३१.
बाहेर गेल्याची वेळ, काही नाही.
सहीचा रकानाही मोकळा.
पेन दोऱ्याला लोंबत होतं.
मी सही केली, प्रेसमध्ये करायचो तशी,
पूर्ण नावानिशी.