कुंभक

बोर्कुम बेटाच्या उत्तरेला कलंडलेला टँकर,
भोवती वास नसलेला वायू.
डिझेलची बोट असती तर
तोच हावरटासारखा ओढून बेभान झाली असती,
एकोणनव्वद साली ओनोची झाली तशी.

ही बाहेरचं काही घेत नाही.
हायड्रोजन घरचा, ऑक्सिजनही घरचा,
झडपा मिटलेल्या;
पोटातल्या इंधनघटांवर पुढे सरकते,
सोवळ्यातल्या आत्येसारखी,
कशालाही न शिवता.

दोर लागला एकदाचा.
नळीतून पाणी ठिबकतंय,
यंत्राचं एवढंच उष्टं.
वीबकेनं ते किटलीत धरलं,
काळा चहा केला,
आधी ओनोच्या कपात ओतला.

खडीसाखर तडकली.
आत नऊ माणसं.
एकानेही
श्वास सोडला नाही.