नळी क्रमांक एक्क्याण्णव

उप्सालात त्या जानेवारीत बाहेर उणे एकोणीस
आणि प्रयोगशाळेच्या थंड खोलीत चार.
"चल, ऊब घ्यायला आत जाऊ," बार्ब्रू म्हणायची,
लोकरी टोपी कानांवर ओढून
जाड दार कोपराने ढकलायची.

जेल भिजवायला तिनंच शिकवलं मला.
कोरडी पांढरी भुकटी, रव्याहून बारीक,
चिमटीत धरावी तर निसटणारी.
मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेव, म्हणाली,
आणि फिरत्या कांडीने ढवळू नकोस,
मणी फुटतात.
सकाळी भांड्यात भुकटी नव्हतीच.
कितीतरी पट फुगलेलं, आरपार दिसणारं काहीतरी,
शिजून थंड झालेल्या साबुदाण्यासारखं.

तिचे वडील दक्षिणेत बीटाच्या साखर कारखान्यात
नळांतली बुळबुळ खरवडायचे.
हिवाळाभर नखांत तीच, आणि तोंडात तिला शिव्या.
"तीच ही," बार्ब्रू म्हणायची,
"फक्त आता बांधून घातलेली."

मग काचेचा उभा स्तंभ, माझ्या खांद्याएवढा.
ओतताना हात थांबला की थर पडतो,
थर पडला की सगळं पहिल्यापासून.
तीनदा पहिल्यापासून केलं.
चौथ्यांदा ती मागे उभी राहिली, काही बोलली नाही,
तिच्या कॉफीचा वास तेवढा येत राहिला.

आधी निळा रंग सोडायचा, रस्ता तपासायला.
पट्टा सरळ उतरला,
गोठलेल्या तळ्याच्या कडेसारखा.
मी म्हणालो, चाळणीतून तर बारीक आधी पडतं.
"ही चाळणी उलटी.
मोठ्यांना प्रत्येक दार ठेंगणं,
कुठे वाकता येत नाही, आत जाता येत नाही,
म्हणून बिचारे लवकर पोचतात.
चिल्लीपिल्ली प्रत्येक मण्यात शिरतात,
घटकाभर बसतात, निघतात, पुढच्या घरात शिरतात.
सगळ्यांत शेवटी मीठ."

डुकराच्या आतड्याचा अर्क होता, पिवळसर, उग्र.
थेंब मोजत नळ्या सरकत होत्या, टक्, टक्.
ऐंशीव्या नळीत मीठ आलं.
वहीत मी लिहिलं: संपलं.
मिठाहून लहान कोण असणार?
मोजणी बंद केली, हातमोजे काढले.

ती थर्मास विसरली म्हणून परत आली होती.
वहीकडे बघितलं, माझ्याकडे नाही.
बटण दाबून मोजणी पुन्हा सुरू केली.
"रात्रभर चालू दे. पाणी काय महाग आहे?"

सकाळी कागदावर
सपाट रेघेत एक ठेंगणा उंचवटा.
नळी एक्क्याण्णव.
मापाच्या हिशेबात न बसणारं कोणीतरी,
मिठाच्याही मागून आलेलं.
प्राध्यापक म्हणाले, स्तंभ नीट धुतला नसेल.
मग पुन्हा चालवलं. पुन्हा एक्क्याण्णव.
मग म्हणाले, जेलला चिकटत असेल, असतात काही तसे.
बार्ब्रू म्हणाली, "आवडलं असेल त्याला."
आणि नळीवर पेन्सिलीने तारीख घातली.

ते काय होतं, हे कधीच कळलं नाही.
जूनच्या सुट्टीत सगळे तळ्यांवर गेलेले असताना
फ्रीज बंद पडला.
अर्क गेला, नळ्या गेल्या, वास महिनाभर राहिला.
ती निवृत्त झाली त्या दिवशी
केक तसाच ठेवून आत गेली होती,
स्तंभात बुरशी धरू नये म्हणून औषध सोडायला.
"बाकी काहीही कर, कोरडा पडू देऊ नकोस."

आता पोलादी नळी, वीतभर, वीस मिनिटांत सगळं.
पडदा विचारतो, कुठे थांबू?
हिशेबाने येतो तो आकडा मी टाकतो,
मग खोडतो,
थोडा वाढवून टाकतो.
नवी मुलगी, थेक्ला, विचारते, कशासाठी?
मी म्हणतो, पाणी काय महाग आहे.
ती हसत नाही. वहीत लिहून घेते.