नसलेल्या कुत्र्याची वही

दिवाळीनंतर चारुलनं कुत्रा मागितला.
मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
हिंगण्याच्या कारखान्यात एकवीस वर्षं स्टोअर सांभाळतोय,
माल यायच्या आधी जागा मोजायची सवय.
दोनशे पानी वही काढली. वर लिहिलं : कुत्रा.

लस. जंताचं औषध. खाणं.
मे महिन्यात दुपारभर चालणारा कूलर.
आपण लग्नाला भंडाऱ्याला गेलो तर याला कोण ठेवेल, किती घेईल.
आणि 'अचानक' म्हणून एक रकाना.
त्यात आकडा लिहिला, खोडला, मोठा लिहिला.

ठरलं, सहा महिने तो आहे असंच समजायचं.
एक तारखेला पैसे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.
बायको म्हणाली, "नसलेल्या कुत्र्यावर
असलेल्या माणसापेक्षा जास्त खर्च होऊन राह्यला."

चारुल मात्र मनापासून.
साडेपाचला उठून रिकाम्या हातानं
प्रतापनगरच्या चौकापर्यंत जायची, यायची.
दुसऱ्या महिन्यात म्हणाली,
"बाबा, त्यानं तुमचा मोजा गिळला."
"किती?"
"साडेचार हजार. एक्स-रे धरून."
बरणी उपडी करून मोजले.
तीनशे कमी.

त्या रात्री एक नसलेलं जनावर
आमच्या दिवाणाखाली कण्हत राहिलं.
दुसऱ्या दिवसापासून माझा खर्रा बंद.

एप्रिलच्या एका रविवारी, रस्त्याच्या कडेला
एक पोरगा खोक्यात पिल्लं घेऊन.
बेचाळीस डिग्री, वर झाकण सिमेंटच्या गोणीचं.
"घ्या ना काका, लॅब आहे, पाचमध्ये देऊन टाकतो."
चारुलनं विचारलं, "याची आई?"
"माय? असन काटोलले."
तिनं बोट मागे घेतलं. पिल्लू चोखत होतं ते.
स्कूटरवर तिची हनुवटी माझ्या पाठीत रुतलेली,
मी दोनदा आरशात पाहिलं, वळलो नाही.
वळलो असतो तर पुढच्या रविवारी
त्याच जागी दुसरं खोकं.
हे पटतं. झोप येत नाही, ते वेगळं.

मग गोधनीच्या डोंगरवार बाई.
किंमत सांगायच्या आधी त्यांनी आम्हालाच तपासलं.
दुपारी घरी कोण? गच्ची किती तापते?
मी म्हटलं, हस्की दिसायला छान असते.
"मंग शिमल्याले बदली घ्या."
पिल्लांची आई ओल्या पोत्यावर आडवी.
आम्हाला पाहून शेपटी एकदा हलवली,
आणि विचार करून ठेवून दिली.
"आठ आठवडे होऊ द्या. तवर येऊन बसत जा.
ओळख तिले पटली पाह्यजे, तुम्हाले नाई."

वही दाखवली. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली त्यांनी.
"एक रकाना राह्यला. वर्षं."

बारा. चौदा.
तिथंच उभ्या उभ्या हिशेब केला :
चारुल पंचविशीची, पुण्यात नाहीतर कुठं,
मी रिटायर, आणि दोन जिने खाली
एक म्हातारं कुत्रं माझ्याकडे बघतंय.
उचलावं लागेल.
वहीत माझे गुडघे धरलेच नव्हते.
धरले.

अजून तीन आठवडे आहेत.
कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलून झाल्या.
आज पहाटे चारुलच्या मुठीत नवी दोरी होती,
दुसऱ्या टोकाला कोणी नाही,
तरी चौकातल्या खांबापाशी ती थांबली,
कोणाला तरी
निवांत वास घेऊ दिला.